तापाच्या माथी खापर

ज्या घरात एखाद्या मुलाला टाइप वन डायबिटीस (शरीरात इन्सुलिन बनणंच बंद पडतं तो) झालेला असतो ना, त्या घरात एक ताप सगळ्यांना पाठ असतो. निदान कुठल्या महिन्यात झालं ते आठवायला वेळ लागेल, पण तो ताप मात्र जिभेवर तयार. "अहो काही नव्हतं हो, एकदम ठणठणीत होती, तो व्हायरल झाला आणि तिथून सगळं फिरलं." आमच्या घरातही असा एक ताप आहे. माझ्या ताईच्या मुलीचा, नऊ वर्षांची होती तेव्हा. सर्दी, घसा, अंग गरम, पॅरासिटामॉल, बरी झाली, शाळेत गेली, आणि मग पुढच्या काही आठवड्यांत पाणी पाणी करायला लागली.

त्यानंतरचं कुठल्याही टाइप वनवाल्या घरात ऐकायला मिळेल तेच. बाटली दुपारच्या आत रिकामी, रात्री सारखं उठणं, इतक्या वर्षांनी अंथरूण ओलं, फ्रॉक खांद्यावरून ओघळायला लागलेला, आणि सगळे आपले म्हणतायत की तापातून उठलीये, अशक्तपणा आहे, भरून येईल हळूहळू. मग उलट्या आणि पोटदुखी सुरू झाली तर पोटाचं इन्फेक्शन असेल म्हणून त्याचं औषध. त्या रात्री ती झोपेतच लांब लांब, खोल श्वास घेत होती, नुकतीच जिने चढून आल्यासारखी, आणि तोंडाला नेलपॉलिश रिमूव्हरचा वास येत होता. ताईने तिला उचललं आणि थेट इमर्जन्सी गाठली. तिथे बोटाला टोचून स्ट्रिप लावली तर मशीनवर आकडाच येईना, नुसती दोन इंग्रजी अक्षरं, 'हाय'. ताईला वाटलं मशीन बिघडलं. नर्सने दुसऱ्या बोटाला टोचलं, परत तेच. साखर ६०० च्या वर गेली की बहुतेक मशीन आकडा दाखवायचंच बंद करतात, हे आम्हाला नंतर कळलं.

तो वास खरोखर रिमूव्हरमधलाच असतो, म्हणजे ॲसिटोनचा. इन्सुलिन संपलं की रक्तात साखर भरपूर असूनही पेशींना ती घेता येत नाही, मग शरीर चरबी जाळायला घेतं, त्यातून कीटोन तयार होतात, रक्त आम्लधर्मी होतं आणि फुप्फुसं बिचारी जोरजोरात श्वास टाकून ते आम्ल कमी करायचा प्रयत्न करत बसतात. डायबेटिक कीटोॲसिडोसिस. वेळेत सलाइन आणि इन्सुलिन मिळालं तर मूल दोन-तीन दिवसांत हसायला लागतं, नाही मिळालं तर जीव जातो. इथे एक गोष्ट बोलूनच टाकते, ताप-उलट्यांनी मलूल झालेलं मूल समोर आलं, त्यात ते खूप पाणी पितंय आणि वजन उतरलंय असं आई सांगतेय, तर बोटाला एकदा टोचून साखर बघायला एक मिनिटसुद्धा लागत नाही. व्हायरल म्हणून घरी पाठवलेली अशी मुलं जगभर आहेत.

पण मला लिहायचंय ते वेगळ्याच गोष्टीबद्दल. भाची घरी आल्यावर भेटायला लोक येत होते आणि प्रत्येकाला ताई तीच हकीकत सांगत होती, सर्दी, ताप, मग हे. त्यात कोणीतरी विचारलं की सर्दी आणली कुठून, आणि दुसऱ्या कोणीतरी सहज सांगून टाकलं की धाकट्याला झालेली आधी, त्याने शाळेतून आणली. धाकटा तिथेच जमिनीवर बसला होता. सहा वर्षांचा. काही बोलला नाही. नंतर मी भांडी लावत होते तेव्हा मागे येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "मावशी, माझ्या सर्दीमुळे झालं का गं ताईला?"

मी म्हणाले, "नाही रे राजा, सर्दीमुळे कधी डायबिटीस होतो का." ठामपणे म्हणाले. पण हे खरं आहे की नाही ते मला माहीत नव्हतं. मी काही डॉक्टर नाही. त्यामुळे त्या रात्रीपासून वाचायला लागले ते अजून थांबलेले नाही.

पहिला धक्का हा की हा संशय आपल्या घरातला नाहीच, दीडशे वर्षांहून जुना आहे. १८६४ साली नॉर्वेतल्या एका डॉक्टरने नोंदवून ठेवलं होतं की गालगुंड झाल्यानंतर एका पेशंटला मधुमेह झाला. त्यावेळी इन्सुलिन कशाशी खातात हेही कोणाला माहीत नव्हतं, ते सापडलं १९२१ मध्ये, टोरांटोला. मग १९६९ मध्ये इंग्लंडमध्ये गॅम्बल आणि टेलर यांनी दाखवलं की नवे टाइप वनचे पेशंट वर्षभर सारखे येत नाहीत, ठरावीक मोसमात वाढतात, आणि ही वरखाली कॉक्सॅकी बी नावाच्या विषाणूंच्या साथींशी जुळते. हा कॉक्सॅकी एंटेरोव्हायरस कुळातला, म्हणजे पोलिओचा भाऊबंद, आतड्यात राहतो आणि बहुतेक वेळा साधी सर्दी, घसा, थोडा ताप एवढंच करून निघून जातो. म्हणजे हुबेहूब आमच्या घरातला ताप, मी वाचता वाचता लॅपटॉप बंदच केला होता.

आणि मग १९७९ ची ती केस. अमेरिकेतला एक दहा वर्षांचा मुलगा, चांगला धडधाकट, फ्लूसारखं आजारपण आलं आणि तीनच दिवसांत कीटोॲसिडोसिसमध्ये हॉस्पिटलात, आठवड्याभरात गेला. त्याच्या स्वादुपिंडातून डॉक्टरांनी कॉक्सॅकी बी फोर विषाणू वेगळा काढला, तो उंदरांना टोचला आणि त्या उंदरांची साखर वाढली. याहून थेट पुरावा कोणता हवा? त्या रात्री मला धाकट्याला दिलेलं उत्तर परत घ्यावं लागणार असं वाटत होतं.

पण गंमत अशी की साधारण त्याच काळात दुसऱ्या बाजूने गोष्ट उलगडत होती. १९७४ मध्ये लंडनमध्ये बोटाझो आणि डोनियाक यांना काही मधुमेहींच्या रक्तात अशी अँटिबॉडी सापडली जी स्वतःच्याच स्वादुपिंडातल्या पेशींना चिकटते. म्हणजे शरीराची फौज घरच्याच माणसांवर उलटलेली. आता अशा अँटिबॉडींची नावं आहेत, इन्सुलिनविरुद्धची, जीएडी, आयए-टू, झिंक ट्रान्सपोर्टर एट, साध्या रक्तचाचणीत कळतात. आणि जन्मापासून मुलांचं रक्त तपासत राहिलं तेव्हा दिसलं की या अँटिबॉडी आजाराच्या आधी कित्येक महिने, कित्येकदा वर्षानुवर्षं आधी आलेल्या असतात, बऱ्याच मुलांत तर वयाच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षातच. दोन किंवा जास्त प्रकारच्या अँटिबॉडी असलेल्या मुलांपैकी साधारण ७० टक्के मुलांना पुढच्या दहा वर्षांत डायबिटीस होतो. दहा वर्षं! मूल शाळेत जातंय, खेळतंय, पडतंय, दात पडून नवे येतायत, आणि आत स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशी एकेक करून चालल्यात, कोणाला पत्ता नाही. तहान लागायला लागते तेव्हा त्यातला मोठा हिस्सा संपलेला असतो.

वाळवी लागलेल्या चौकटीसारखं आहे ते. बाहेरून रंग तसाच असतो, आणि कोणीतरी दार जरा जोरात आपटतं आणि चौकट खाली येते. मग सगळे दार आपटणाऱ्याकडे बघतात.

कारण ताप आला की शरीराची इन्सुलिनची गरज वाढते. कॉर्टिसोल, ॲड्रिनलिन वगैरे हार्मोन चढतात, ती सगळी साखर वर ढकलणारी. ज्याच्याकडे इन्सुलिनचा साठा भरपूर आहे त्याला कळतही नाही. ज्याच्याकडे कसंबसं भागण्याइतकंच उरलंय त्याचं त्या आठवड्यात भागत नाही. त्यामुळे ताप न येता तर भाचीला झालाच नसता असं नाही, तर काही आठवडे, काही महिने, फार तर एखाद्या वर्षाने पुढे गेलं असतं. कोविडच्या काळात हे जरा स्पष्ट दिसलं. जर्मनीतल्या बव्हेरियात लहान मुलांची अशी अँटिबॉडी तपासणी बरीच वर्षं चालू आहे, तिथे ज्या मुलांत आधीच अँटिबॉडी होत्या त्यांना कोविड होऊन गेल्यावर प्रत्यक्ष आजार लवकर उभा राहिला असं आढळलं. आधीच उतारावर असलेल्या मुलांबद्दल आहे हे.

मग विषाणू सुटला का? नाही ना, तिथेच तर मजा आहे. वाळवी लागली कशाने, हा प्रश्न उरतोच.

यासाठी टेडी नावाचा एक अवाढव्य अभ्यास आहे, अमेरिका, फिनलंड, जर्मनी आणि स्वीडनमध्ये, जनुकीय धोका असलेली आठ हजारांहून जास्त बाळं निवडून त्यांच्या मागे लागलेत ही मंडळी. आणि मागे लागलेत म्हणजे काय, तर आईबाप दर महिन्याला बाळाच्या शीचे नमुने डबीत भरून पाठवायचे, वर्षानुवर्षं. (मला त्या आईबापांबद्दल प्रचंड आदर आहे, आपल्याला साधं लसीकरणाचं कार्ड सापडत नाही वेळेवर.) त्यातून २०१९ मध्ये जे निघालं ते मला फार बोलकं वाटतं. एंटेरोव्हायरस बी (आपला कॉक्सॅकी बी याच गटातला) येऊन चार दिवसांत गेला, असं बऱ्याच बाळांना झालं आणि त्याचा अँटिबॉडींशी काही संबंध दिसला नाही. पण ज्या बाळांच्या नमुन्यांत तोच विषाणू महिन्यामागून महिने येत राहिला, म्हणजे शरीराला तो हाकलताच आला नाही, त्यांच्यात पुढे या अँटिबॉडी जास्त दिसल्या. अंगात ठाण मांडून बसलेला विषाणू, बहुतेकदा ना ताप ना काही. आईला आठवण्यासारखं काही घडलेलंच नसतं.

तर संशयित दोन निघाले आणि आपण धरून बसलोय तो चुकीचा. लक्षात राहिलेला ताप हा शेवटी आलेला. आधीचा जो असेल, असलाच तर, तो भाची रांगत होती तेव्हाचा, आणि तेव्हा धाकटा जन्मालाही आला नव्हता. हे मी त्याला सांगितलं तेव्हा त्याने बोटांवर वर्षं मोजली, दोनदा मोजली, आणि मग खेळायला गेला.

विषाणूला बीटा पेशीच का सापडतात यालाही उत्तर आहे आणि ते जरा क्रूर आहे. कॉक्सॅकीला आत शिरायला ज्या प्रोटीनचं दार लागतं ते बीटा पेशींमध्ये भरपूर असतं, तेही इन्सुलिन साठवणाऱ्या पिशव्यांवर. आत शिरलेल्या विषाणूची चाहूल लागली की पेशी इंटरफेरॉन नावाचं धोक्याचा इशारा देणारं प्रोटीन सोडते, स्वतःच्या अंगावर धोक्याच्या खुणा जास्त दाखवायला लागते आणि रोगप्रतिकारक पेशींना बोलावून घेते. त्या आल्या की मग विषाणू आणि घर यात फरक करत नाहीत, किमान या लोकांत तरी करत नाहीत. विषाणूची चाहूल घेणारं एक जनुक आहे, आयएफआयएच वन. २००९ मध्ये सापडलं की त्याचे काही दुर्मिळ बिघडलेले प्रकार ज्यांच्यात असतात त्यांना टाइप वन कमी होतो. म्हणजे पहारेकरी जरा मंद असलेला बरा! मला हे वाचून हसावं की रडावं कळेना, पण विषाणूचा यात हात आहे याचा इतका आडवळणाचा आणि तरी पक्का पुरावा दुसरा नाही असं माझं मत आहे.

बरं, एवढं सगळं सांगून झाल्यावर जपानमधल्या डॉक्टरांनी माझी मांडणी थोडी मोडली. २००० साली तिथल्या इमागावा आणि हानाफुसा यांच्या गटाने एक वेगळाच प्रकार मांडला, फुल्मिनंट टाइप वन. यात अँटिबॉडी सहसा सापडतच नाहीत. माणूस बहुतेक मोठा, आदल्या आठवड्यापर्यंत धडधाकट, मग सर्दीताप किंवा पोट बिघडणं, आणि तहान सुरू झाल्यापासून आठवड्याभरात कीटोॲसिडोसिस. यातली खूण म्हणजे एचबीएवनसी. ही तपासणी मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगते, आणि यांची साखर आभाळाला भिडलेली असताना ही सरासरी मात्र जवळजवळ नॉर्मल येते. म्हणजे मागे काही चाललेलंच नव्हतं, जे झालं ते या चार-आठ दिवसांत झालं. जपानभरच्या पाहणीत अशा पेशंटपैकी ७० टक्क्यांच्या आसपास लोकांना आधी फ्लूसारखी लक्षणं होती. काहींना गरोदरपणात किंवा बाळंतपणानंतर लगेच झालं. इथे ताप खरोखर मुख्य आरोपी आहे, आणि म्हणूनच भाचीची एचबीएवनसी किती होती हे मी ताईला खोदून विचारलं होतं. खूप जास्त होती. ऐकून मला सुटल्यासारखं वाटलं. भाचीची सरासरी वाईट होती म्हणून मावशीला बरं वाटलं, माणसाचं मन कुठे कुठे जाऊन बसतं बघा.

मोठ्यांचं निघालंच आहे तर, टाइप वन फक्त मुलांचा हा गैरसमज आता सोडायला हवा, जवळपास निम्मे पेशंट वयात आल्यावर सापडतात. थेरेसा मे, ज्या पुढे ब्रिटनच्या पंतप्रधान झाल्या, त्यांना २०१२ मध्ये पन्नाशी ओलांडल्यावर आधी टाइप टू आहे म्हणून गोळ्या दिल्या होत्या, गोळ्यांनी भागेना तेव्हा टाइप वन कळला.

आता यातलं मला सगळ्यात जास्त छळणारं कोडं. फिनलंडमध्ये टाइप वन जगात सगळ्यात जास्त. सीमेपलीकडे रशियाच्या करेलियात लोकांची जनुकं बरीचशी तशीच, आणि तिथे प्रमाण साधारण सहापट कमी. विषाणूच जर कारण तर रशियाच्या बाजूला ते कमी असायला हवेत ना? उलट आहे, तिथे एंटेरोव्हायरस जास्त फिरतात. यावर एक तर्क असा की जिथे विषाणू सर्रास असतात तिथे आईच्या अंगात त्यांच्याविरुद्ध अँटिबॉडी असतात, त्या बाळाला मिळतात, आणि बाळाला पहिला संसर्ग होतो तो या छत्राखाली, त्यामुळे सौम्य. जिथे विषाणू दुर्मिळ झाले तिथे छत्रच नाही. पोलिओतही असंच झालं होतं, स्वच्छता वाढली तसा लकवा वाढला. तर्कच आहे हा, पण माझ्या सासूबाईंना सांगितला तर त्यांनी लगेच "बघ, म्हणून म्हणते मुलांना मातीत खेळू द्या" असं म्हणून आपल्या खिशात घातला. इतकं सोपं नाहीये ते, पण वाद कोण घालणार.

आणि लसीमुळे होतो म्हणून जे मेसेज फिरतात त्यांच्यासाठी, डेन्मार्कमध्ये १९९० ते २००० या काळात जन्मलेली सगळीच्या सगळी मुलं तपासून २००४ मध्ये उत्तर आलंय, संबंध नाही. उलट गरोदरपणात रुबेला झालेल्या बायकांच्या मुलांमध्ये पुढे डायबिटीस जास्त व्हायचा, आणि तो प्रकार रुबेलाच्या लसीमुळे जवळपास संपला.

विषाणूवर औषध देऊन बघायला काय हरकत आहे, असं तुमच्या मनात आलं असेल, माझ्याही आलं. नॉर्वेच्या मंडळींनी ते केलं. आधी त्यांनी नुकतंच निदान झालेल्या सहा मोठ्या माणसांच्या स्वादुपिंडाचा बारीक तुकडा काढून तपासला, जिवंत माणसाचा, ऑपरेशन करून. सहाही जणांत एंटेरोव्हायरसच्या खुणा मिळाल्या. पण ऑपरेशननंतरचा त्रास बघून पुढे कोणाचा तुकडा घ्यायचं थांबवलं. त्या सहा जणांना स्वतःला यातून काहीच मिळणार नव्हतं. त्यानंतर ६ ते १५ वयाच्या ९६ मुलांना निदानानंतर तीन आठवड्यांच्या आत विषाणूविरोधी दोन औषधं किंवा नुसत्या प्लासिबो, म्हणजे औषध नसलेलं दिसायला तसंच काहीतरी, दिलं, सहा महिने. २०२३ मध्ये निकाल आला, वर्षाच्या शेवटी औषधवाल्या मुलांच्या शरीरात स्वतःचं इन्सुलिन थोडं जास्त टिकलं होतं. थोडंच. इंजेक्शन कोणाचं सुटलं नाही, पण ज्याने रात्री तीन वाजता साखर एकदम उतरून लो झालेल्या मुलाला अर्धवट झोपेत साखर भरवलीये त्याला विचारा थोडं म्हणजे किती.

आता सध्या घरात वाद चालू आहे तो धाकट्याची अँटिबॉडी टेस्ट करायची की नाही यावर. सख्ख्या भावंडाला धोका शंभरात साधारण पाच-सहा, म्हणजे न होण्याचीच शक्यता कितीतरी जास्त. दाजी म्हणतात, कळून करणार काय, पोरगं हसतंखेळतं आहे, उगाच रोज त्याच्याकडे संशयाने बघत बसायचं. त्यांचं चुकतंय असं मला म्हणवत नाही. माझं म्हणणं, निगेटिव्ह आली तर पुढची काही वर्षं जरा निवांत, आणि पॉझिटिव्ह आली तर किमान 'हाय' लिहिलेलं मशीन परत बघायची वेळ येणार नाही, आधीच सावध राहू. शिवाय २०२२ च्या नोव्हेंबरपासून अमेरिकेत टेप्लिझुमॅब नावाचं औषध मंजूर आहे, अँटिबॉडी आहेत आणि साखर नुकती हलायला लागलीये अशा आठ वर्षांपुढच्या मुलांना चौदा दिवस शिरेतून देतात, आजार सरासरी दोनेक वर्षं पुढे जातो. दाजी म्हणाले, "दोन वर्षं म्हणजे काय मोठंसं?" ताई एकदम म्हणाली, "इन्सुलिनशिवायची दोन वर्षं, तुम्ही मोजा." त्यावर कोणी काही बोललं नाही.

ताई आता टेस्टच्या बाजूने आहे, मी तर आहेच. दाजींनी हो म्हटलेलं नाही, पण परवा लॅबचा नंबर त्यांनीच मागून घेतला.